ध्रुवपदाचे परतणे

रोंडो हा शब्द ज्यांनी कधी ऐकलेला नाही त्यांनीही निदान एक रोंडो ऐकलेला असतो. मोत्सार्टच्या एका पियानो सोनाटाचा शेवटचा भाग, ‘आल्ला तुर्का’, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये वाजतो, लहान मुलांच्या खेळण्यांत वाजतो, आणि दूरध्वनीवर आपल्याला ताटकळत ठेवणाऱ्या कचेऱ्याही पुष्कळदा तोच वाजवतात. १७८४ साली व्हिएन्नात छापला गेलेला हा तुकडा तुर्की सैनिकी वाद्यवृंदाची गमतीदार नक्कल करतो. त्यातल्या चाली फिरून फिरून येतात आणि दर वेळी आल्या की बरे वाटते. रोंडोची सर्वसाधारण प्रतिमा ही अशी आहे: हलकाफुलका, ठेक्याचा, जेवणाच्या शेवटी पानात पडणाऱ्या गोडासारखा.

त्याच मोत्सार्टने त्याच ए मायनर स्वरात आणखी एक रोंडो लिहिला. तो कोणत्याही सोनाटाचा भाग नाही, स्वतंत्र आहे. मोत्सार्ट १७८४पासून आपल्या रचनांची नोंदवही ठेवत असे. तीत या रोंडोपुढे ११ मार्च १७८७ ही तारीख आहे. क्योखेलने पुढे केलेल्या सूचीत त्याचा क्रमांक ५११. तो वाजवायला सुमारे दहा मिनिटे लागतात. आम्ही दोघी बहिणी गेली कित्येक वर्षे तो ऐकत आलो आहोत. आमच्यातली एक पियानो शिकली, दुसरीने ख्यालाची तालीम घेतली. त्यामुळे एकाच तुकड्याविषयी आमचे बोलणे दोन भाषांत चालते आणि ते क्वचितच एका बैठकीत संपते. या लेखात मात्र दोघींना मान्य असलेली एकच गोष्ट मांडायची आहे. एखादी गोष्ट परतून येते म्हणजे नेमके काय होते, हे या रचनेने आम्हांला जितके नीट समजावले तितके दुसऱ्या कोणी समजावलेले नाही.

रोंडोची घडण समजून घ्यायला मराठी वाचकाला फारसे सायास पडू नयेत. आपल्या अभंगांना, पदांना ध्रुवपद असते. कडवे संपले की ध्रुवपद येते, पुन्हा नवे कडवे, पुन्हा ध्रुवपद. फ्रान्समध्ये हार्पसिकॉर्डसाठी अगदी याच रीतीचे तुकडे लिहिले जात. फ्रान्स्वा कूपरँच्या १७१७च्या संग्रहातला ‘ले बारिकाद मिस्तेरियोझ’ हा त्यांतला बहुधा सर्वांत प्रसिद्ध. त्यात कडवी थोडी दूरवर भटकून येतात, पण ध्रुवपद दर वेळी जसेच्या तसे असते. ‘ध्रुव’ म्हणजे न ढळणारे. कूपरँचे ध्रुवपद या नावाला जागते. ऐकणाऱ्याला त्यातून एक आश्वासन मिळते. कुठेही जाऊन या, घर आहे त्या जागी आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रोंडोची मोठी चलती होती. थोरल्या बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल बाख हा मुळात गंभीर प्रकृतीचा रचनाकार; पण १७८०पासून आपल्या छापील संग्रहांत तोही सोनाटांच्या जोडीला रोंडो देऊ लागला. गिऱ्हाइकाची आवड त्याला चांगली कळत होती. तथापि १७८१ साली त्याने एक वेगळाच रोंडो लिहिला. आपला जुना, सिल्बरमानने घडवलेला क्लाव्हिकॉर्ड त्याने एका चाहत्या उमरावाला देऊन टाकला आणि त्या वाद्याच्या निरोपासाठी ई मायनरमधला हा रोंडो सोबत दिला. क्लाव्हिकॉर्डवर पट्टी दाबून धरलेल्या बोटाने स्वराला हलका आंदोल देता येतो; ही सोय पियानोवर नाही. रोंडो रडूही शकतो हे बाखने या तुकड्यात दाखवून दिले. तेव्हा मोत्सार्टचा ए मायनर रोंडो दुःखी आहे, हे काही त्याचे नावीन्य नव्हे. त्याचे नावीन्य ध्रुवपदाच्या वागणुकीत आहे.

आता चालीविषयी. गती आंदान्ते, म्हणजे चालण्याची. ठेका सहाचा, ज्याला सिचिलियाना म्हणतात तसा हेलकावे घेणारा. मेंढपाळांच्या संथ नाचांशी त्याचे नाते सांगतात. डाव्या हाताला अगदी साधी साथ आहे. उजवा हात चालीची सुरुवात एका मुरकीने करतो. आमच्यातल्या गाणारणीने ए हा षड्ज धरून ही मुरकी लगेच स्वरांत सांगितली: पंचमाभोवती कोमल धैवत, पंचम, तीव्र मध्यम आणि पुन्हा पंचम. मग तिने ‘आल्ला तुर्का’चा आरंभ तसाच म्हणून दाखवला: रिषभ, षड्ज, निषाद, षड्ज आणि तिथून कोमल गंधार. म्हणजे दोन्ही रोंडो एकाच हालचालीने सुरू होतात. एक स्वर मध्ये धरायचा, त्याच्या वरच्याला शिवायचे, खालच्याला शिवायचे, मधल्यावर परत यायचे. ‘आल्ला तुर्का’त ही हालचाल झेंडा फडकवल्यासारखी वाटते. इथे तीच एखाद्या विचारासारखी आहे, जो मनातून जात नाही आणि ज्याच्याभोवती मन नकळत एक फेरा घालते.

मुरकीनंतर लवकरच अर्ध्या अर्ध्या स्वरांनी वर सरकणारी ओळ येते. गाणारीला इथे कुठलाही राग सापडत नाही, आणि तो शोधूही नये, कारण कोमल-शुद्ध असे सगळेच शेजारी स्वर एकापाठोपाठ येऊन जातात. पियानोवाली सांगते की या ओळीत बोटे इतकी जवळ जवळ ठेवावी लागतात की हाताला चढण जाणवतच नाही. अंधारात जिना चाचपत जावे तसे ते आहे. अनेकांना या स्वरांत शोपँची चाहूल लागते. शोपँचा जन्म १८१०चा, म्हणजे या रोंडोनंतर तेवीस वर्षांनी.

इथे वाद्याचाही विचार करायला हवा. मोत्सार्टकडे आंटोन व्हाल्टरने घडवलेला पियानो होता, जो आज साल्झबर्गमध्ये जपून ठेवलेला आहे. पाच सप्तकांचा, हलक्या लाकडी बांध्याचा, कातड्याने मढवलेल्या लहान हातोड्यांचा. अशा वाद्याचा स्वर स्वच्छ उमटतो आणि लवकर विरतो. आजच्या मोठ्या पियानोसारखा तो सभागृहभर रेंगाळत नाही. त्यामुळे लांब स्वर जिवंत ठेवायचा तर त्याभोवती काहीतरी करत राहणे भाग असते. मुरकी, कण, छोट्या ताना यांना आपण अलंकार म्हणतो, आणि अलंकार म्हटले की ते उतरवून ठेवता येतील असे वाटते. या रोंडोत ते उतरवून ठेवता येत नाहीत. स्वर विरत असताना त्याला धरून ठेवण्याची ती धडपड आहे. कुठे हळू, कुठे जोरात, कुठे स्वर जोडून आणि कुठे तोडून, हेही मोत्सार्टने या तुकड्यात नेहमीपेक्षा फार बारकाईने लिहून ठेवले आहे.

ध्रुवपदाच्या आतच एक छोटी सहल होते. चाल मधेच सी मेजरमध्ये शिरते, थोडे उजाडते, आणि मग मूळ ओळ परत येते. त्यानंतर पहिले मोठे कडवे एफ मेजरमध्ये आहे. ते ध्रुवपदापेक्षा लांब आहे. त्यात हात मोकळे होतात, स्वर धावू लागतात. पण त्या मोकळेपणातही अर्धस्वरांच्या ओळी मधून मधून डोकावतात, जणू कोणी मागोमाग चालत आले आहे. ध्रुवपद परत येते ते थोडक्यात, आल्यासारखे करून. मग दुसरे कडवे ए मेजरमध्ये. षड्ज तोच, गंधार मात्र शुद्ध. घर तेच, खिडक्या उघडलेल्या. मग तिसऱ्यांदा ध्रुवपद, आणि शेवटी एक लांब उपसंहार, ज्यात कडव्यांमधली धावती स्वरावली आणि ध्रुवपदाची मूळ हालचाल एकमेकांत गुंततात.

प्रत्येक परतीच्या वेळी चाल थोडी बदललेली असते. जिथे पहिल्यांदा एक साधा स्वर होता तिथे आता छोटी तान आहे. जिथे सरळ उतार होता तिथे वळणे आली आहेत. ख्याल ऐकणाऱ्याला यात नवल वाटायचे कारण नाही. मुखडा दर आवर्तनाला समेवर येतो आणि चांगला गवई तो दोनदा सारखा घेत नाही. पण आमच्यातली गाणारी इथे एक फरक दाखवते, तो महत्त्वाचा आहे. ख्यालात मुखड्याचा बदल हे बहुधा गवयाच्या क्षणिक स्फूर्तीचे काम असते; उद्या तो वेगळा घेईल. इथले बदल लिहून ठेवलेले आहेत, आणि त्यांचा क्रम हलवता येत नाही. तिसऱ्या परतीतली वळणे पहिल्या वेळी वाजवली तर ती निरर्थक वाटतील, कारण त्यांच्या आधी जे घडायला हवे ते घडलेलेच नसेल. हे ध्रुवपद ध्रुव नाही. ते प्रत्येक कडव्यातून काहीतरी बरोबर घेऊन परतते.

या रोंडोविषयी लिहिणारे बहुतेक जण इथून मोत्सार्टच्या चरित्राकडे वळतात, आणि वळावे असे साल आहेच ते. १७८७च्या आरंभी तो प्रागमध्ये होता. ‘फिगारो’ने ते शहर वेडे झाले होते; १९ जानेवारीला त्याची एक नवी सिंफनी तिथे वाजली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचा मित्र, व्हायोलिन वाजवणारा काउंट आउगुस्ट फोन हात्सफेल्ड मरण पावला. हात्सफेल्ड जवळपास मोत्सार्टच्याच वयाचा होता. ४ एप्रिलला मोत्सार्टने आजारी वडिलांना लिहिलेल्या पत्रात या मित्राचा उल्लेख आहे. त्याच्यासाठी नव्हे, तर स्वतःसाठी आणि त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांसाठी आपल्याला वाईट वाटते, असा त्या उल्लेखाचा आशय आहे. २८ मे रोजी वडीलही गेले. मित्राचा मृत्यू आणि रोंडोची तारीख यांत जेमतेम सहा आठवड्यांचे अंतर आहे. रोंडो म्हणजे त्या मित्रासाठी केलेला शोक, असे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा.

आम्हांला तो मार्ग पटत नाही. वडील गेल्यानंतर १४ जूनला मोत्सार्टने आपल्या वहीत एक नोंद केली, आणि ती ‘संगीतातली थट्टा’ या रचनेची आहे, ज्यात त्याने अडाणी संगीतकारांची मनसोक्त टिंगल केली आहे. ऑगस्टमध्ये ‘आइने क्लाइने नाख्टमुझीक’ आली, जिच्याइतके प्रसन्न संगीत शोधून सापडणार नाही. आयुष्यातले दुःख आणि कागदावरचे दुःख एकाच दिवशी येत असते तर हे हिशेब जुळले असते. ते जुळत नाहीत. शिवाय एखादी रचना कोणा एकाच्या मृत्यूची आहे असे एकदा ठरवले की ऐकणाऱ्याचे काम संपते. त्याने फक्त सांत्वनाला आल्यासारखे बसून राहायचे. या रोंडोला अशा श्रोत्याची गरज नाही. त्याला लक्षात ठेवणारा श्रोता हवा आहे, ज्याला चाल मागच्या वेळी कशी होती ते आठवते.

लक्षात ठेवण्याविषयी आम्ही हे इतक्या आग्रहाने म्हणतो त्याला घरातले एक कारण आहे. आमच्या आईची शेवटची चार वर्षे विस्मरणाच्या आजारात गेली. त्या काळात ती एक गोष्ट वारंवार सांगे. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पाणी शिरले, त्या दिवसाची. ती तेव्हा शाळेत होती. सुरुवातीला गोष्ट भरगच्च होती: शेजारच्या वाड्याची गच्ची, तिथे जमलेली माणसे नावांनिशी, आजोबांची सायकल, सोलापुरी चादरीत बांधलेली वह्या-पुस्तके, आणि आजीने कणीक मळून ठेवलेली परात, जी तशीच खाली राहिली. दर खेपेला गोष्टीतून काहीतरी गळत गेले. आधी नावे गेली, मग सायकल गेली, मग गच्चीही गेली. पाणी कशाचे होते हे जाण्याचा दिवस आला तेव्हा आम्ही दोघी तिच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो. शेवटच्या महिन्यांत तिच्याजवळ एकच वाक्य उरले होते: कणीक मळून ठेवली होती. ते ती आम्हांला नव्याने सांगत असे, आणि दर वेळी तिच्या आवाजात तीच निकड असे.

लोक म्हणत, एकच गोष्ट किती वेळा ऐकता! पण ती एकच गोष्ट नव्हती. तिच्या दृष्टीने दर वेळ पहिलीच होती. आधीच्या सगळ्या वेळा आमच्याजवळ जमा होत होत्या. तिच्या वाक्यातून जे गळले ते आमच्या ऐकण्यात शिल्लक होते. ती ‘कणीक’ म्हणाली की आम्हांला गच्ची दिसे, सायकल दिसे. म्हणूनच आम्हांला वाटते की परतून येणाऱ्या गोष्टीचा अर्धा भाग ऐकणाऱ्याने सांभाळायचा असतो. तो सांभाळला नाही तर उरते ती निव्वळ पुनरुक्ती.

मोत्सार्टच्या रोंडोत वाट उलट्या दिशेने सुरू होते. तिथे आधी साधी चाल आहे आणि परतीगणिक तिच्यावर स्वर चढत जातात, ती अधिकाधिक भरत जाते. पण उपसंहाराच्या अखेरीस मात्र पूर्ण चाल कुठेच येत नाही. तिचे तुकडे येतात, आरंभीच्या मुरकीची ती छोटी हालचाल येते, आणि तेवढ्यावर सगळे भागते. पहिल्या मापात ही मुरकी ऐकली तेव्हा ती नुसता एक अलंकार होती. आता तिच्या मागे दहा मिनिटे उभी आहेत. एफ मेजरमधला मोकळेपणा, ए मेजरमधल्या उघड्या खिडक्या, सगळे त्या चार स्वरांत ऐकू येते, आणि कागदावर मात्र ते चारच स्वर असतात.

आमच्यात एक वाद मात्र अजून मिटलेला नाही, तो ए मेजरच्या कडव्याविषयी. गाणारीचे म्हणणे असे की ते खरे सांत्वन आहे. शुद्ध गंधार लागला की षड्जाचाही चेहरा बदलतो, आणि तेवढा वेळ दुःख नसतेच. पियानोवाली म्हणते की वाजवणाऱ्याला पुढचे ठाऊक असते. हात ए मेजरमध्ये धावत असतानाही त्याला परत मायनरवर यायचे आहे, म्हणून ते सुख उसने आहे. आम्ही मित्सुको उचिदाचे ध्वनिमुद्रण ऐकतो तेव्हा पियानोवालीचे खरे वाटते, आणि रुबिनस्टाइनचे ऐकतो तेव्हा गाणारीचे. आईच्या आजारातही काही दुपारी अशा आल्या की ती आम्हांला नावाने हाक मारी, आणि पुढचे ठाऊक असूनही त्या दुपारी उसन्या वाटल्या नाहीत. या मुद्द्यावर पियानोवाली गप्प बसते, पण हरली असे कबूल करत नाही.

‘आल्ला तुर्का’ मायनरमध्ये सुरू होऊन मेजरच्या जल्लोषात संपतो. श्रोत्याला काय हवे आहे हे मोत्सार्टला उत्तम ठाऊक होते आणि ते देण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. ए मायनर रोंडोही तसा संपवता आला असता. ए मेजर कडवे हाताशीच होते. त्याने ते केले नाही. त्याचबरोबर त्याने शेवटी आक्रोशही केला नाही. तुकडा मायनरमध्येच, हलक्या आवाजात, कोणाची झोप मोडू नये अशा बेताने थांबतो.

ज्यांनी हा रोंडो ऐकलेला नाही त्यांना एकच सुचवावेसे वाटते. तो पार्श्वसंगीत म्हणून लावू नये, आणि फार रडक्या गतीने वाजवलेलाही निवडू नये. आंदान्ते म्हणजे चालणे. चालणाऱ्याचे पाय थांबले की सहाचा ठेका विस्कटतो आणि उरलेले नुसते उसासे कंटाळा आणतात. चाल पहिल्यांदा येईल तेव्हा ती नीट ऐकून ठेवावी, जमल्यास मनात गुणगुणून पाहावी. मग कडव्यांमागे खुशाल जावे. ती परत येईल तेव्हा ती आपल्याला काही विचारणार नाही. पण आपल्याला ती आठवत असेल तर आपोआप कळेल की ती कुठून कुठून आली आहे.